महिना अठ्ठावीस दिवसांचा, वर्ष तेरा महिन्यांचं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडची. घरात पाच माणसं, पाच फोन आणि सगळ्यांचे रिचार्ज मारणारी एकटी मी. ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांचा नंबर पोस्टपेड, ४४९ चा प्लॅन. सासूबाईंचं वय ७६, बटनांचा साधा फोन, त्यांना दर वेळी १९९ मारते. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर, मुलगा यंदा बारावी झाला, आणि मी. आम्हा तिघांना ३४९ चा. परवा ह्यांनी विचारलं, मोबाइलवर वर्षाला जातात तरी किती? मी म्हटलं, महिन्याला सतराशेच्या आत, म्हणजे वर्षाला वीस हजार धरा. तर म्हणाले, "काहीतरी जास्त जातंय, बघ जरा." मला काही सापडेना.

मैत्रीण म्हणते सगळे एकाच कंपनीत या. जाऊबाई म्हणतात वर्षाचा एकदम मारून मोकळी हो. त्यात मुलाला २४ हजारांचा फोन हवाय, 'नो कॉस्ट ईएमआय'वर. म्हणतो व्याज शून्य आहे. नणंद अमेरिकेत असते, ती म्हणते तिकडे फोन फुकटच देतात. शिवाय माझं एक जुनं सिम कपाटात आहे. बँकेला तोच नंबर दिलेला, म्हणून त्यातही अधूनमधून पैसे घालते. घरी वाय-फाय आहे. कुठली कंपनी घ्यावी, ते एकदा सांगून टाका.
– कराडची एक वाचक

उत्तर : कंपनीचं नंतर बघू. आधी तुमच्या वीस हजारांकडे बघू, कारण यजमानांची शंका रास्त आहे.

तुम्ही ४४९, १९९ आणि तीन वेळा ३४९ अशी बेरीज केलीत. १,६९५ आले. त्याला बारानं गुणलंत, २०,३४० झाले. गुणाकार बरोबर आहे, पण तुमचे चार रिचार्ज महिन्याचे नाहीतच. ते २८ दिवसांचे आहेत. ३६५ ला २८ नं भागा : तेरा वेळा पूर्ण जातो आणि वर एक दिवस उरतो. म्हणजे ३४९ चा रिचार्ज तुम्ही वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा मारता. दिवसाला तो १२ रुपये ४६ पैशांना पडतो आणि पूर्ण ३६५ दिवसांना ४,५४९ ला. तुमच्या वहीत त्याचे ४,१८८ धरलेत. माणशी ३६१ रुपये इथेच गळतात, आणि तुम्ही असे तिघं आहात. सासूबाईंचे १९९ वर्षाला २,३८८ वाटतात, प्रत्यक्षात होतात २,५९४.

दुसरी गळती पोस्टपेडमध्ये. प्रीपेडच्या छापील किमतीत जीएसटी आधीच धरलेला असतो, पोस्टपेडच्या नसतो. यजमानांच्या बिलाची पीडीएफ उघडा. पहिल्या ओळीत मासिक भाडं ४४९.००, खाली सीजीएसटी ९ टक्के ४०.४१, त्याखाली एसजीएसटी ९ टक्के तेवढेच ४०.४१. एकूण ५२९.८२. वर्षाचे ६,३५८. तुम्ही धरलेत ५,३८८.

सगळं मिळून खरा आकडा २२,५९९ होतो. तुम्ही धरलेत त्याहून वर्षाला सव्वादोन हजारांवर जास्त जातंय आणि त्यात कुणी तुम्हाला फसवलेलं नाही. प्रत्येक प्लॅनवर दिवस स्पष्ट लिहिलेले असतात. आपणच '२८ दिवस' वाचतो आणि मनात 'महिना' म्हणतो.

या २८ दिवसांबद्दल लोकांनी पुष्कळ तक्रारी केल्या, तेव्हा ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना आदेश दिला की ३० दिवसांचा किमान एक प्लॅन आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा किमान एक प्लॅन ठेवलाच पाहिजे. ठेवलेत. पण ॲप उघडल्यावर समोर येतात ते २८ वालेच. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचं जिओचं उदाहरण घ्या. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ ला आणि तेवढ्याच डेटाचा तारखेला तारीख चालणारा ३१९ ला. दुकानात उभं राहिलं की हात २९९ कडे जातो. वर्षाचा हिशेब केला तर २९९ वाला ३,८९८ ला पडतो आणि ३१९ वाला बारा वेळा मारून ३,८२८ ला. वीस रुपये महाग दिसणारा सत्तर रुपयांनी स्वस्त निघाला. फार मोठी रक्कम नाही, पण त्यात पगाराच्या तारखेशी रिचार्जची तारीख जुळते आणि 'अगं, परवाच तर मारला होता ना!' हे संपतं.

म्हणून यापुढे कुठलाही प्लॅन बघितला की मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर एकच भागाकार करा : किंमत भागिले दिवस. मी खाली जे आकडे देतेय ते जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आणि जानेवारी २०२५ चे आहेत. कंपन्या मधेच एखादा प्लॅन काढून टाकतात, नवा आणतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी ॲपवर त्या दिवशीचा आकडा बघा. भागाकार तोच राहतो.

आता जाऊबाईंचा सल्ला. वर्षाचा एकदम मारणं स्वस्त पडतं का? पडतं. पण किती, ते बघण्यासारखं आहे. जिओ आणि एअरटेल दोघांचेही त्या दरवाढीनंतर योगायोगानं तेच तीन आकडे होते : २८ दिवसांचा ३४९, ८४ दिवसांचा ८५९ आणि ३६५ दिवसांचा ३,५९९. पहिल्या दोघांत रोजचा डेटा सारखाच, तिसऱ्यात रोज अर्धा जीबी जास्त. दिवसाला ३४९ वाला १२ रुपये ४६ पैसे, ८५९ वाला १० रुपये २३ पैसे, ३,५९९ वाला ९ रुपये ८६ पैसे. वर्षावर मांडलं की ४,५४९, ३,७३३ आणि ३,५९९.

नीट बघा. २८ वरून ८४ वर गेलात की ८१६ रुपये वाचतात. तिथून वर्षावर उडी मारली की आणखी फक्त १३४. खरी बचत पहिल्याच पायरीवर उरकते. त्या १३४ रुपयांसाठी आणि रोजच्या अर्ध्या जीबीसाठी तुम्ही साडेतीन हजार आगाऊ देता आणि वर्षभर त्या कंपनीला बांधले जाता. मधे रेंज बिघडली, मुलीचं हॉस्टेल बदललं, दुसरीकडे जावंसं वाटलं, तर नंबर पोर्ट करता येतो, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, पण उरलेले दिवस आणि डेटा तिथेच सोडावा लागतो. परत मिळत नाही, नव्या कंपनीतही येत नाही. पोस्टपेडला निदान महिन्याभराचंच बंधन असतं. प्रीपेडमध्ये कसला करार असं आपण म्हणतो, पण वर्षाचा रिचार्ज हा करारच आहे, पैसे आधी देऊन केलेला.

वर्षाच्या रिचार्जची एक बाजू मात्र खरी आहे. जून २०२४ च्या अखेरीस दरवाढ जाहीर झाली आणि ती ३ आणि ४ जुलैपासून लागू झाली. ज्यांनी त्याआधी मोठा रिचार्ज केला त्यांना वाढ पुढे ढकलता आली. तेव्हा दर वाढणार अशी बातमी पक्की झाली आणि रेंज वर्षानुवर्षं चांगली असेल, तर वर्षाचा मारा. एरवी मी ८४ दिवसांच्या बाजूची आहे.

पण हे सगळं '३४९ च्या तोडीचा प्लॅन लागतोच' असं धरून चाललंय. लागतो का? तुमच्या बाबतीत मला तरी शंका आहे. तुम्ही बहुतेक दिवस घरी, घरी वाय-फाय. फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा वापर महिन्यागणिक दिसतो, सिमगणिक दिसतो. दोन महिन्यांचा आकडा बघा, तोही वाय-फायचा नव्हे, सिमचा. तिथे महिन्याला दीड-दोन जीबी दिसले, तर रोज दीड किंवा दोन जीबीचे पैसे तुम्ही कुणासाठी भरताय? रोजचा डेटा रात्री बाराला संपतो. आज वापरला नाही म्हणून उद्या जास्त मिळत नाही. महिनाभर वापरायचा एकगठ्ठा डेटा देणारे आणि बोलणं अमर्याद ठेवणारे प्लॅन असतात. एअरटेलनं जानेवारी २०२५ मध्ये २,२४९ ला ३६५ दिवस आणि वर्षाला मिळून ३० जीबी असा एक आणला. तुम्ही आता भरताय ४,५४९. कमी वापराच्या माणसाला वर्षाच्या प्लॅनमध्ये अडकण्याची भीतीही कमी, कारण रक्कमच लहान. एखाद्या महिन्यात प्रवास असला तर वरून डेटाचं छोटं पाकीट घ्या.

हे प्लॅन ॲपमध्ये सहज सापडणार नाहीत. वर 'लोकप्रिय', मग ओटीटीवाले, मग क्रिकेटवाले आणि अगदी तळाला हे. बोट दुखेपर्यंत खाली जा. किंवा ट्रायचं दरांची तुलना करणारं संकेतस्थळ आहे, तिथे सगळ्या कंपन्यांचे प्लॅन दाखल केलेले असतात. दिसायला रुक्ष आहे, पण तिथे कुणी तुम्हाला काही विकत नाही.

मुलीचं वेगळं. हॉस्टेलचं वाय-फाय म्हणजे कागदावर असतं, रात्री अकराला सगळ्या पोरी एकदम बसल्या की गोल फिरत राहतं. तिला डेटा लागणार. तिच्या फोनमध्ये ५जी आहे का आणि तिच्या भागात ५जी येतं का, एवढं विचारा. दोन्ही 'हो' असेल तर रोज २ जीबीच्या खालचा प्लॅन घेऊ नका. जुलै २०२४ मध्ये जिओ आणि एअरटेल दोघांनीही अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनला ठेवलं. म्हणजे दीड जीबीवाला थोडा स्वस्त दिसतो, पण त्यात अमर्याद ५जी नसतं आणि कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात व्हॉट्सॲपचा मजकूर जेमतेम जातो, लेक्चरचा व्हिडिओ विसरा. २ जीबीचा ८४ दिवसांचा घ्या. 'सोबत हे ओटीटी फुकट' याला किंमत तेव्हाच, जेव्हा त्याचे पैसे तुम्ही एरवीही भरले असते. नसतील भरत, तर हिशेबात त्याची किंमत शून्य धरा. बऱ्याचदा ते फक्त मोबाइलच्या पडद्यावर चालतं, टीव्हीवर नाही.

सासूबाईंच्या फोनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण असे फोन घरोघरी आहेत. १९९५ साली देशात मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि मिस कॉल देऊन फोन करवून घेण्याची कला आपल्याकडे बहरली. मग २००५ च्या अखेरीपासून 'लाइफटाइम'वाल्या स्कीम आल्या. एकदाच हजारभर रुपये भरा, जन्मभर फोन येत राहतील. सासूबाईंच्या पिढीच्या डोक्यात तेच बसलंय, 'मला कुठे फोन करायचाय, मला नुसते यायला हवेत.' पण २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला. मुदत संपली की आधी जाणारे कॉल बंद, काही दिवसांनी येणारेही बंद. त्यामुळे आज बटनांच्या फोनलाही भाडं आहे, आणि तुम्ही ते जरुरीपेक्षा जास्त भरताय. १९९ मध्ये जो डेटा आहे तो त्यांच्या फोनवर चालतच नसेल.

ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला, डेटा नसलेला प्लॅन ठेवायला लावलं आणि अशा व्हाउचरची मुदत ९० दिवसांवरून ३६५ पर्यंत वाढवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. सुरुवातीचे दर लगेच थोडे उतरवून जिओचा झाला १,७४८ आणि एअरटेलचा १,८४९. १,७४८ स्वस्त ना? त्याचे दिवस बघा : ३३६. म्हणजे बारा वेळा अठ्ठावीस, तोच जुना महिना. एअरटेलचा ३६५ दिवसांचा आहे. दिवसाला पहिला ५ रुपये २० पैसे, दुसरा ५ रुपये ७ पैसे. शंभर रुपयांनी स्वस्त दिसणारा पूर्ण वर्षाला आणला की १,८९९ ला पडतो. फरक पन्नासच रुपयांचा आहे आणि त्यासाठी सासूबाईंचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे हलवा असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्या कंपनीत आहेत तिथला डेटा नसलेला प्लॅन घ्या. २,५९४ चे अठराशे-एकोणीसशे होतील. त्याहून मोठा फायदा म्हणजे वर्षात एकदाच लक्षात ठेवावं लागेल. म्हाताऱ्या माणसाचा फोन 'लागत नाही' म्हणून नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो, आणि निघतं काय, तर रिचार्ज संपला होता. बँकेचे ओटीपी या प्लॅनवरही येतात, येणाऱ्या एसएमएसला काही लागत नाही.

यजमानांचं पोस्टपेड काढून टाका असं मी सरसकट म्हणत नाही. दुकानाचा नंबर आहे, ऐन गिऱ्हाइकीत मुदत संपून गप्प पडणार नाही, हे त्याचं मोल आहे. प्रश्न एवढाच की ६,३५८ आणि ३,७३३ यांतल्या २,६२५ रुपयांना ते मोल आहे का. दोन गोष्टी तपासा. एक, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे. दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल, कनेक्शन फर्मच्या नावावर आणि धंद्यासाठी असेल, बिलावर फर्मचा जीएसटी नंबर असेल, तर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे दुकानाच्या जीएसटीतून तेवढी वजावट, मिळू शकतं. तुमच्या टॅक्सवाल्यांना विचारा, त्यांना पाच मिनिटांचं काम आहे. स्वतःच्या वैयक्तिक नावावर असेल तर हे वर्षाला ९७० रुपये नुसतेच जातायत. दोन, बिलाची खालची पानं. कॉलर ट्यून, 'आरोग्य टिप्स', कसलंसं गेम पॅक, असं महिना ३०-४० रुपयांचं काही चिकटलंय का बघा. असलं तर १५५२२३ वर ते बंद करता येतं. आणि हे दोन्ही बघून झाल्यावर पोस्टपेड नको वाटलं तर नंबर तोच ठेवून, त्याच कंपनीत, थकबाकी भरून प्रीपेडवर येता येतं. पोर्टही करावं लागत नाही.

आता मैत्रिणीचं म्हणणं, सगळे एकाच कंपनीत. कशासाठी? एकमेकांना बोलणं फुकट होतं तेव्हा त्याला अर्थ होता. आज कुठल्याही कंपनीतून कुठेही बोलणं प्लॅनमध्येच असतं. पोस्टपेडच्या फॅमिली प्लॅनमध्ये जादा सिम स्वस्त मिळतं, तेवढाच अपवाद, आणि त्यातही प्रत्येक सिमवर १८ टक्के लावून मग तुलना करा. मी तर उलट सांगेन, घरात दोन कंपन्या असू द्या. पावसाळ्यात एखाद्या टॉवरची वीज गेली की एका कंपनीचे सगळे फोन एकदम मुके होतात. दुसरीचा एक तरी चालू असावा.

कंपनी निवडायची ती रेंजवर. ज्या खोलीत तुम्ही बसता, दुकानात गल्ल्यापाशी, हॉस्टेलच्या खोलीत रेंज किती येते यावर. जुलै २०२४ मध्ये बीएसएनएलनं दर वाढवले नाहीत म्हणून बरेच जण तिकडे गेले. ज्यांच्या गल्लीत टॉवर चांगला त्यांना ते फळलं, ज्यांच्याकडे नव्हता ते पुन्हा दुसरीकडे पोर्ट करत बसले. ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा ठेवावा लागतो, तो बघा. पण शेजारच्याचं सिम दोन दिवस मागून घेणं सगळ्यात भरवशाचं. पोर्ट करायचंच ठरलं तर इंग्रजीत पोर्ट, एक जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्याकडे तो चार दिवस चालतो. अटी अशा : सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडची थकबाकी नको, आणि सिम नुकतंच बदललेलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

चिरंजीवांच्या शून्य व्याजाकडे वळू. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते, व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. 'नो कॉस्ट'मध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो, आणि हप्त्यांची बेरीज छापील किमतीएवढी येते. मग खर्च कुठे? उदाहरण घेऊन सांगते. २४,००० चा फोन, नऊ हप्ते, बँकेचा दर १६ टक्के धरू. त्यात दडलेलं व्याज सुमारे १,५२५. या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो झाला २७५ च्या घरात, आणि तो तुमच्या कार्डाच्या बिलात हप्त्यामागून हप्ता येत राहतो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटी धरून २३५. शून्याचे ५१० झाले. पाचशे रुपये म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. खरा खर्च दुसरीकडे असतो. दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा, ईएमआयचा विषयही काढू नका. रोखीनं तो २२,५०० म्हणाला, तर हप्त्यांची किंमत दोन हजार आहे, पाचशे नव्हे. आणि हप्त्याच्या कागदासोबत विमा, जादा वॉरंटी, कसलीशी मेंबरशिप यांवरही सही घेतात, ती रक्कम वेगळी विचारून घ्या. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो, तोही कार्ड ज्यांचं त्यांच्या नावावर, म्हणजे वडिलांच्या.

आणखी एक. २४ हजारांचा फोन तीन वर्षं चालला तर महिन्याला ६६७ रुपये पडतो. तुम्ही ३४९ चा ३१९ करायला धडपडाल आणि तो अठरा महिन्यांनी पुन्हा नवा मागेल, तर सगळी बचत त्यात जाईल. त्याला फोन घेऊन द्यायचा की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न, पण तीन वर्षं वापरायचा हे आधी ठरवून घ्या.

नणंदबाईंचा फुकट फोनही असाच. तिकडच्या एटी अँड टी, व्हेरायझनसारख्या मोठ्या कंपन्या फोनची किंमत ३६ महिन्यांवर पसरतात आणि दर महिन्याच्या बिलात तेवढी सूट देतात, तीही बहुधा ठरावीक प्लॅनवर असाल तर. मधेच कंपनी सोडली की उरलेली सूट बंद आणि फोनचे उरलेले पैसे एकदम भरा. आपल्याकडेही हे होऊन गेलंय. २०१७ मध्ये जिओफोन 'फुकट' आला होता : १,५०० रुपये अनामत, ३६ महिन्यांनी फोन परत केला की परत. त्याच्या अटींमध्ये वर्षाला किमान १,५०० च्या रिचार्जची अट होती, हे किती जणांनी वाचलं असेल कोण जाणे.

राहता राहिलं कपाटातलं सिम. घाईनं टाकू नका. ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो, आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज त्या अनोळखी माणसाला जायला लागतात. म्हणून क्रम असा ठेवा. सध्या त्यात लहानात लहान रिचार्ज मारून तो जिवंत ठेवा. पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा, खात्याला रोजचा नंबर जोडून घ्या. मग आधार, गॅस, डीमॅट किंवा पोस्टाचं खातं, ईपीएफ असेल तर तो, असं एकेक तपासा. आधारचा नंबर आधी बदलून घ्या. सगळीकडून नव्या नंबरवर मेसेज यायला लागले की दोन महिने वाट बघा आणि त्यानंतर त्या जुन्या सिममध्ये एक रुपयाही घालू नका.